पोलिसांची प्रेसनोट ते छापलेली बातमी: मधल्या दीड तासात नेमकं काय तपासायचं?

तालुकापान

तालुक्याच्या वार्ताहरांसाठी एक कामाचं टिपण बनवायचं आहे. चौथा स्तंभ, समाजाचा आरसा वगैरे दर सहा जानेवारीला पत्रकार दिनाच्या भाषणांत सगळ्यांनी ऐकलंय, ते नको. हातात फोन असताना काय करायचं, तेवढंच हवं.

परिस्थिती नेहमीची. रात्री आठला पोलीस ठाण्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर प्रेसनोट पडते, साडेनऊला पान सुटतं. वार्ताहर नोट आहे तशी पुढे ढकलतो, डेस्क मथळा लावतं. नमुन्यासाठी एक नोट रचली आहे:

"घरफोडीच्या गुन्ह्यातील सराईत आरोपीस गुन्हे शोध पथकाने सापळा रचून शिताफीने जेरबंद केले. सदर आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली असून त्याचे ताब्यातून १ लाख ८२ हजार रुपयांचा मुद्देमाल हस्तगत करण्यात आला आहे. सदरची कामगिरी मा. वरिष्ठांचे मार्गदर्शनाखाली..."

पुढे अकरा नावं.

माझे प्रश्न: यातलं काय ठेवायचं आणि काय गाळायचं? फोन कुणाला करायचे? नाव कधी छापायचं, कधी नाही? आणि चूक छापून गेलीच तर ती कशी निस्तरायची?

---

रात्रपाळी

या नोटेत बातमी एका वाक्याची आहे, बाकीची शाबासकी आहे. ती देणं हे पोलीस खात्याचं काम, आपलं नव्हे. म्हणून आधी लाल पेन: शिताफीने, सापळा रचून, जेरबंद, सदर, आणि ती अकरा नावं. तपासी अधिकाऱ्याचं नाव ठेवा, कारण उद्या पुढची माहिती त्यांच्याकडूनच घ्यायची आहे.

"सराईत" हा शब्द मात्र नुसता गाळून पुढे जाऊ नका, त्यावर प्रश्न विचारा. आधीचे गुन्हे किती, कुठल्या ठाण्यांत आणि त्यांतल्या किती प्रकरणांत शिक्षा झाली? पाच गुन्हे दाखल आणि एकातही शिक्षा नाही, असं उत्तर अनेकदा येतं. मग "यापूर्वी पाच गुन्हे दाखल असल्याचे पोलिसांनी सांगितले" एवढंच लिहायचं. दाखल गुन्हा म्हणजे सिद्ध गुन्हा नव्हे.

आता मुद्देमाल. सगळ्यात जास्त मथळे इथे चुकतात. तुमच्याच नोटेतले १ लाख ८२ हजार फोडून मागा. समजा उत्तर आलं: दागिने १ लाख १० हजार, गुन्ह्यात वापरलेली दुचाकी ६० हजार, आरोपीचा मोबाइल १२ हजार. म्हणजे चोरीचा परत मिळालेला माल फक्त १ लाख १० हजारांचा. फिर्यादीत चोरी ३ लाख ४० हजारांची असेल तर जेमतेम एक तृतीयांश माल मिळालाय. "पावणेदोन लाखांची चोरी उघड" हा मथळा मग दोन्ही बाजूंनी खोटा ठरतो. सोन्याचं तर वजनच लिहा. फिर्यादीत बऱ्याचदा पावतीवरची जुनी किंमत असते आणि डेस्कवरचा हुशार माणूस त्याला आजचा भाव लावून गुणाकार करून मोकळा होतो.

फोन तीन. पहिला ठाणे अंमलदाराला: गुन्हा रजिस्टर नंबर, कलमं, गुन्हा कधी घडला आणि कधी दाखल झाला. घडण्याच्या आणि दाखल होण्याच्या तारखांत चार दिवसांचं अंतर असेल तर ते अंतरच बातमी असू शकतं. दुसरा तपासी अंमलदाराला: अटक केली आहे की फक्त ताब्यात घेतलंय, केव्हा, आणि कोर्टात हजर कधी करणार. अटकेनंतर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर न्यावंच लागतं, म्हणून अटकेची वेळ लिहून घ्या. तिसरा फोन फिर्यादीला, आणि शक्य असेल तर आरोपीच्या वकिलाला किंवा घरच्यांना.

हा तिसरा फोन कुणी करत नाही. मग शेवटी "प्रतिक्रिया मिळू शकली नाही" असं ठोकून दिलं जातं. फोन केला असेल तरच ते लिहा, आणि तेही "रात्री नऊपर्यंत दोनदा फोन करूनही संपर्क झाला नाही" असं. नऊला दहा कमी असताना पहिला फोन लावून नऊला "संपर्क नाही" म्हणणं ही पळवाट आहे, पडताळणी नाही.

एवढं केल्यावर बातमी अशी उरते:

"घरफोडीच्या गुन्ह्यात शहर पोलिसांनी मंगळवारी ३२ वर्षांच्या संशयिताला अटक केली. त्याच्याकडून २४ ग्रॅम सोन्याचे दागिने जप्त केल्याचे पोलिसांनी सांगितले. फिर्यादीनुसार एकूण ३ लाख ४० हजार रुपयांचा ऐवज चोरीला गेला होता. उर्वरित ऐवजाचा शोध सुरू आहे. न्यायालयाने संशयिताला शुक्रवारपर्यंत पोलीस कोठडी दिली."

पाच वाक्यं, आणि कोणती गोष्ट कुणी सांगितली ते दिसतं. कॉलम भरत नसेल तर घरफोड्यांचं या वर्षीचं प्रमाण मागून घ्या. विशेषणांनी कॉलम भरू नका.

---

खालचं_कोर्ट

रात्रपाळींनी "कबुली" गाळली, पण कारण सांगायचं राहिलं. पोलिसांसमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. आधी ते पुरावा कायद्याच्या कलम २५ मध्ये होतं, आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे. कोर्ट जी गोष्ट वाचणारही नाही ती आपण मथळ्यात घालतो. वाचकाच्या लेखी खटला तिथेच संपतो, आणि तीन वर्षांनी माणूस सुटला की "पैसे चारले असतील" एवढंच लोक म्हणतात. मुंबई उच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०२१ च्या निकालात वाहिन्यांना काय टाळायचं याची यादी दिली. कबुलीजबाब पुरावा असल्यासारखा दाखवणं त्या यादीत आहे.

कलमांकडे नीट बघा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, पण गुन्हा त्या तारखेआधी घडला असेल तर गुन्हा आज दाखल होऊनही कलमं जुन्या दंडविधानाचीच लागतात. डेस्कच्या बोटांना "३०२" ची सवय आहे. नव्या संहितेत खून कलम १०३ मध्ये आहे, आणि ३०२ म्हणजे धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने शब्द उच्चारणं. फसवणुकीचं ४२० आता ३१८ (४) झालं. नवा गुन्हा आणि जुना आकडा एकत्र दिसले की ठाण्यात पुन्हा फोन करा.

कोठडीचे शब्दही तपासा. "न्यायालयीन कोठडी सुनावली" अशी शिक्षेच्या थाटातली वाक्यं रोज दिसतात. पोलीस कोठडी संपली, आता तुरुंगात रवानगी, एवढाच त्याचा अर्थ. तसंच जामीन मिळाला म्हणजे सुटका झाली असं नाही.

आणि एक गैरसमज. "पोलिसांनी दिलं ते छापलं, आमची काय जबाबदारी?" न्यायालयातल्या कामकाजाचा खरा वृत्तांत हा बदनामीच्या कलमाला लिहून ठेवलेला अपवाद आहे. पोलिसांच्या प्रेसनोटीला तसा अपवाद कुठे लिहिलेला नाही. जमेल तिथे बातमी नोटेवरून नको, रिमांडच्या (कोठडी मागण्याच्या) वेळी कोर्टात जे बोललं गेलं त्यावरून करा. त्यात बचावाच्या वकिलाचं म्हणणंही आयतं मिळतं.

---

चौकट

नावांबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून लिहिते. बाकीची चूक दुरुस्त करता येते. ही येत नाही.

लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यात पीडितेची ओळख छापणं हा न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, शिक्षा दोन वर्षांपर्यंत आणि दंड. पीडित १८ वर्षांखालील असेल तर पॉक्सोचं, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याचं, कलम २३ लागतं. त्यात नाव, पत्ता, फोटो, कुटुंबाची माहिती, शाळा, परिसर हे सगळं येतं, शिक्षा सहा महिने ते एक वर्ष किंवा दंड किंवा दोन्ही, आणि बातमीदाराच्या चुकीला प्रकाशक आणि मालकही जबाबदार. आरोपी स्वतःच अल्पवयीन असेल, म्हणजे पोलिसांच्या भाषेत विधिसंघर्षग्रस्त बालक, तर बाल न्याय कायद्याचं कलम ७४. ते अल्पवयीन साक्षीदारालाही लागू आहे, हे फार जणांच्या लक्षात नसतं.

कायदा पाठ असूनही गडबड होते, कारण ओळख तुकड्यातुकड्याने फुटते. एक पेपर गावाचं नाव देतो आणि "सावत्र वडिलांनी" असं लिहितो. दुसरा गाव देत नाही, पण आरोपीचं पूर्ण नाव छापतो. दोघांनाही वाटतं आपण नियम पाळला. चहाच्या टपरीवर दोन्ही पेपर शेजारी पडलेले असतात. डिसेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं: नुसतं नाव नव्हे, दूरान्वयानेही ओळख पटेल असा कुठलाही तपशील नको. ही मनाई पीडिता मरण पावली तरी उठत नाही, आणि आई-वडील "छापा" म्हणाले म्हणूनही आपोआप उठत नाही.

माझा आग्रह असा. आरोपी घरातला असेल तर त्याचं नावही नको आणि नातंही नको: "ओळखीतील व्यक्तीने", बस. गाव हजार-दोन हजार वस्तीचं असेल तर तालुका लिहा. शाळेतली घटना असेल तर इयत्ता आणि शाळेचं नाव एकत्र कधीच नको. वय "१३ वर्षे ४ महिने" कशाला? "अल्पवयीन" पुरे.

फोटोचंही तेच. चेहरा पुसला म्हणजे काम झालं असं नाही. मागे घराचा रंगवलेला दरवाजा, शाळेचा गणवेश, गल्लीतलं मंडळाचं फलक दिसतं. घराचा फोटोच नको. मूळ फोटो "पुसून घ्या" म्हणून डेस्कच्या ग्रुपवर टाकणं तर पहिली गळती. ग्रुपात तीस जण असतात. पोलिसांच्या नोटेतच चुकून नाव आलं असेल तर ती पुढे पाठवू नका, ठाण्याला कळवून काढायला लावा.

---

पान_पाचवं

चौकटताईंचं सगळं मान्य. पण मी एक पाऊल पुढे जाईन: दोषारोपपत्र दाखल होईपर्यंत कुठल्याच आरोपीचं नाव छापू नये. जिल्ह्याच्या पेपरात नाव आलं की माणसाचं दुकान बंद, मुलीचं लग्न मोडलं. निर्दोष सुटल्याची बातमी कुठे येते? आलीच तर आतल्या पानावर, चार ओळींत.

---

रात्रपाळी

पान_पाचवं, सरसकट नको. पतसंस्थेचा अध्यक्ष ठेवी बुडवल्याच्या गुन्ह्यात अटक झाला आणि आपण "एका ५४ वर्षीय व्यक्तीस" लिहिलं, तर उरलेले ठेवीदार सावध कसे होणार? शिवाय नाव लपवलं की अटकेचीच बातमी लपवायला सोपं जातं, आणि कोण कुणाच्या सांगण्यावरून लपतंय हे जिल्ह्यात सगळ्यांना माहीत असतं. माझं गणित असं: सार्वजनिक पद, लोकांचा पैसा किंवा लोकांना अजूनही धोका, यांपैकी काही असेल तर नाव द्या. भावकीतलं भांडण, बांधावरून मारामारी, किरकोळ चोरी असेल तर नावाशिवाय बातमीचं काहीही बिघडत नाही. आणि एकदा ठरवलं की आमदाराच्या पुतण्यालाही तेच आणि ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरलाही तेच.

नाव दिलं तर पूर्ण द्या, वयासह. एका गावात एकाच नावाचे तिघे असतात आणि दुसऱ्या दिवशी उरलेले दोघे कार्यालयात येऊन बसतात. जात मथळ्यात नको. अ‍ॅट्रॉसिटीसारख्या गुन्ह्यात ती गुन्ह्याचाच भाग असते, तिथे आत येईल.

फोटोच्या बाबतीत मात्र मी तुमच्या बाजूने आहे, पण कारण वेगळं.

---

खालचं_कोर्ट

ते कारण मी सांगतो: ओळखपरेड. पोलीस आरोपीला बुरखा घालून आणतात ते त्याच्या अब्रूसाठी नव्हे. फिर्यादीने त्याला आधी पाहिलेलं नसेल तर तुरुंगात ओळखपरेड होते, आणि त्याआधी पेपरात चेहरा छापून आला की बचावाचा पहिला प्रश्न ठरलेला: "तुम्ही त्या तारखेचा पेपर वाचला होता का?" हो म्हटलं की परेडीची किंमत गेली. म्हणजे आपल्या फोटोने खरा गुन्हेगारही सुटू शकतो. अनोळखी माणसाने केलेल्या गुन्ह्यात परेड झाली का, हे विचारल्याशिवाय चेहरा छापू नका, मग ठाण्याने पथकाबरोबरचा "ग्रुप फोटो" स्वतःहून पाठवलेला असो.

---

मुद्रितशोधक

आत्महत्येच्या बातमीचा मुद्दा राहिलाय, तोही याच ग्रुपवरून येतो. ठाण्यात तेव्हा बहुतेक वेळा गुन्हा नसतो, आकस्मिक मृत्यूची नोंद असते. "गुन्हा दाखल" लिहू नका.

मराठी मथळ्यांचा लाडका शब्द "कंटाळून". कर्जाला कंटाळून, आजारपणाला कंटाळून, नवऱ्याच्या जाचाला कंटाळून. पंचनामा व्हायच्या आत आपल्याला कारण कळलेलं असतं! यात दोन दोष आहेत. अशा मृत्यूमागे सहसा एकच कारण नसतं, आणि तशाच अडचणीतल्या वाचकाला आपण मृत्यू हा उपाय म्हणून दाखवतो. प्रेस कौन्सिलने २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या धर्तीवर मार्गदर्शक तत्त्वं घेतली आहेत: ठळक जागा नको, भडक मथळा नको, पद्धतीचं वर्णन नको, ठिकाणाचे तपशील नकोत, फोटो नको. चिठ्ठीतला मजकूर छापू नका. त्यात कुणावर आरोप असेल तर गुन्हा दाखल झाल्यावर त्या गुन्ह्याची बातमी करा. खाली टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक द्या. तो २४ तास आणि मोफत आहे.

"सुसाइड पॉइंट" हे ठिकाणाचं नाव म्हणून कधीही लिहू नका. दोन-तीनदा छापलं की ते नाव पडतं.

---

तालुकापान

भरपूर मिळालं, आभार सगळ्यांचे. शेवटचा प्रश्न तेवढा राहिला: चूक छापून गेल्यावर काय? आमच्याकडे "नजरचुकीने... दिलगीर आहोत" अशी दोन ओळींची चौकट टाकतात.

---

मुद्रितशोधक

त्या चौकटीत काय चुकलं ते कधी लिहिलेलं असतं का? "मंगळवारच्या अंकात पान ३ वर अमुक बातमीत जप्त ऐवज १ लाख ८२ हजारांचा असल्याचे म्हटले होते. तो १ लाख १० हजारांचा आहे." तारीख, पान, चूक, बरोबर. "अनवधानाने", "तांत्रिक कारणाने" काहीही नको. आणि ज्या पानावर चूक झाली त्याच पानावर. अपवाद एकच: चूक ओळख फोडण्याची असेल तर दुरुस्तीत ते नाव किंवा तो तपशील पुन्हा लिहायचा नाही, नाहीतर दुरुस्तीच दुसरा गुन्हा होते.

वेबसाइटवर नुसता मजकूर बदलून भागत नाही. नाव लिंकमध्ये राहतं, फोटोच्या फाइलच्या नावात राहतं, व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक टाकली की दिसणाऱ्या चौकटीत राहतं, यूट्यूबच्या शीर्षकात आणि ई-पेपरच्या पानात राहतं. या पाचही जागा एकेक करून बघाव्या लागतात. आकड्याची वगैरे साधी चूक असेल तर गुपचूप बदलू नका, खाली वेळेसह टीप टाका.

वाचकाला तक्रार करायची असेल तर आधी संपादकाला लेखी पत्र, आणि समाधान झालं नाही तर दैनिक-साप्ताहिकाच्या बाबतीत प्रसिद्धीपासून दोन महिन्यांत प्रेस कौन्सिलकडे. कौन्सिल समज देऊ शकते, ताशेरे ओढू शकते, दंड करू शकत नाही. वाहिन्या तिच्या कक्षेत येत नाहीत. हा रस्ता वाचकाने विचारला तर सांगा, लपवू नका.

कागदपत्रांवरून बातमी करणाऱ्यांनी १८८२ चं कोल्हापूरचं बर्वे प्रकरण लक्षात ठेवावं. हाती आलेल्या पत्रांवर विसंबून कारभाऱ्यांवर आरोप छापले, पत्रं बनावट निघाली, आणि टिळक-आगरकर १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात. हेतू चांगला होता, कागद खोटे होते. आज तर कागदाचा फक्त फोटो येतो, कुणी काढला तेही माहीत नसतं.

---

खालचं_कोर्ट

पान_पाचवंच्या तक्रारीवर उपाय आहे, पण तो वहीत आहे. ज्या बातमीत आरोपीचं नाव छापलं तिची एक नोंद: तारीख, पान, गुन्हा रजिस्टर नंबर. पहिल्या रिमांडपासून ६० आणि ९० दिवसांच्या तारखा पुढे लिहा. मोठ्या शिक्षेच्या गुन्ह्यांत ९० आणि बाकीच्यांत ६० दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो, आणि तीही बातमी आहे. खटला उभा राहिला की १६ अक्षर-अंकी सीएनआर नंबर, म्हणजे खटल्याचा ओळख क्रमांक, लिहून घ्या. न्यायालयांच्या ई-कोर्ट्स संकेतस्थळावर तो टाकला की पुढची तारीख आणि निकाल दोन्ही दिसतात. महिन्यातून एक दुपार पुरते.

निकालाचे शब्द मात्र जपून. खटला पूर्ण चालून सुटला तर निर्दोष मुक्तता. आरोप निश्चित होण्याआधीच सुटला तर दोषमुक्ती. उच्च न्यायालयाने गुन्हाच रद्द केला तर तो तिसरा प्रकार. आणि खटल्यापर्यंत प्रकरण गेलंच नाही तर "पोलिसांनी फाइल बंद केली" असं मोघम लिहू नका, कुठली समरी (तपास बंद करण्याचा अहवाल) ते विचारा. अ समरी म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी किंवा पुरावा सापडला नाही. ब म्हणजे फिर्यादच जाणूनबुजून खोटी. क म्हणजे गैरसमजातून किंवा दिवाणी वादातून आलेली, खरीही नाही आणि खोटीही नाही. अ समरी झालेल्या प्रकरणाला "खोटी तक्रार उघड" असा मथळा लागला तर फिर्यादीची बदनामी होते. समरी हा पोलिसांचा अहवाल असतो. ती मंजूर करायची की नाही हे न्यायदंडाधिकारी ठरवतात, आणि त्याआधी फिर्यादीला नोटीस जाते. म्हणून बातमी करण्याआधी एवढं विचारा: समरी पाठवली, की मंजूर झाली?